फळीवरचं पालथं ताट

अनंतराव नाबर एखाद्या ऑफिसात शिरले की तिथला कारकून टाइपरायटरची तक्रार नंतर सांगायचा. आधी विचारायचा, "काय नाबर, सध्या जेवण कुठे चांगलंय?"

नाबर एका टाइपरायटर कंपनीचे मेकॅनिक. कंपनी फोर्टात, पण नाबरांच्या वाट्याला सगळी उपनगरं आलेली. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, जिथे म्हणून कंपनीचं मशीन असेल तिथे नाबरांनी जायचं. खांद्याला रेक्झिनची बॅग, बॅगेत स्क्रू ड्रायव्हर, ब्रश, तेलाची बाटली, रिबिनी. मशीन उघडायचं, अक्षरांत साचलेली शाईची घाण टोकरून काढायची, रोलर पुसायचा, तेलाचे थेंब सोडायचे, सही घ्यायची आणि पुढच्या पत्त्याला लागायचं. दहिसरच्या घरून सकाळी निघालेला हा माणूस दुपारी नेमका कुठे असेल ते त्याचं त्यालाही ठाऊक नसे. म्हणून परवडेल आणि पोटाला बाधणार नाही असं जेवण शोधणं हे नोकरीतलंच एक काम होऊन बसलं होतं.

त्यांचे काही आडाखे होते. गल्ल्यावरचा मालक स्वतः दुपारी काय जेवतो ते बघायचं. घरून डबा मागवत असेल तर चहा पिऊन उठायचं. घाटकोपरला गुजराती भोजनालयात वाढपी प्रेमाने वाढत, पण तिथे जेवून उठलं की सुस्तीने बोटांत स्क्रू ड्रायव्हर धरवत नसे. मुलुंडला मद्रासी बाईंची मेस होती, तिथलं ताक नामी, पण उशीर झाला की भाताची खरवड. अंधेरी स्टेशनापाशी राईस प्लेट स्वस्त, मात्र भाजीत सोडा, आणि तो भाजी शिजवायला नव्हे तर गिऱ्हाइकाचं पोट लवकर फुगवायला, असं नाबरांचं मत. बोरिवलीची खानावळ चांगली होती, ती बंद पडून तिथे कॅसेटचं दुकान आलं.

पन्नाशी उलटली आणि पोटाने संप पुकारला. छातीत जळायचं, पाठीत कळ यायची. डॉक्टरांनी सांगितलं, "अल्सर आहे. हॉटेल बंद करा, नाहीतर काही दिवसांनी नोकरी बंद करावी लागेल." निवृत्तीला चार वर्षं होती. घराचे हप्ते तोपर्यंतचे. नोकरी बंद करणं शक्यच नव्हतं. आणि घरचा डबा? नाबरांच्या पत्नी पद्मजाबाई, त्यांच्या बोटांना संधिवात होता. सकाळी त्यांच्या मुठी मिटत नसत. दहा वाजता ऊन अंगावर आलं की बोटं जरा हलू लागत, तोवर नाबर अंधेरीच्याही पुढे गेलेले. नाबरांनी स्वतः काही दिवस भात शिजवून नेला. दुपारपर्यंत तो आंबायचा.

"माझ्या हातांनी तुमच्या पोटावर पाय दिला," पद्मजाबाई म्हणायच्या.

"हातांनी पाय कसा देतात?" नाबर म्हणायचे. दोघं हसायची, आणि हसणं लवकर संपायचं.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधांच्या कारखान्याचं ऑफिस होतं. तिथे दत्ताराम नावाचा पॅकर होता, मूळचा गिरणीतला. संप फिसकटला, गिरणीचं दार बंद झालं, तेव्हा इकडे आलेला. नाबर मशीन साफ करता करता गोळी चघळताहेत हे त्याने दोनतीनदा पाहिलं.

"सायबानू, ह्या गोळ्या कित्याक खातात? जेवक चला माझ्याबरोबर. आमच्या वयनीच्या हातचा खावा, औषध लागाचा नाय."

दत्तारामची वहिनी म्हणजे जानकीबाई. सख्खी वहिनी नव्हे, पण परळला तिच्या खानावळीत दत्ताराम पंधरा वर्षं जेवलेला. कोकणातून एकटे आलेले गिरणीकामगार अशा बायकांच्या घरी जेवत, आणि नात्याने बोलत. जानकीबाईकडे तेव्हा पहिल्या पाळीचे, दुसऱ्या पाळीचे मिळून खोलीत मावणार नाहीत इतके जेवणारे होते. संपानंतर एकेक करून गावी गेले. तिचा नवरा सहदेवही गिरणीतलाच. तो आता वसाहतीत वॉचमन होता, आणि मरोळच्या बैठ्या चाळीत जानकीबाई पाचसहा जणांचं रांधत होती.

नाबर वाकून आत गेले. शेणाने सारवलेली नव्हे, पण तितकीच थंड अशी शहाबादी फरशी. भिंतीला फळी, फळीवर ओळीने उभी ताटं. जानकीबाई पन्नाशीच्या आसपासची, सडसडीत, डोळ्यांखाली काळं. तिने नाबरांच्या तोंडाकडे पाहिलं.

"सायबांका तिखट चलाचा नाय. पिठी वाढतंय."

कुळथाची पातळ पिठी, मऊ भात, वर खोबरेल तेलाची धार, आणि दुधी. नाबर जेवले. तासाभराने बसमध्ये त्यांच्या लक्षात आलं की छातीत काहीच होत नाही. इतकी वर्षं इतकी हॉटेलं पालथी घातली, आणि जेवण सापडलं ते एका चाळीत, पाटी नसलेल्या दारामागे.

निघताना जानकीबाई म्हणाली होती, "उद्या येतलात तर तुमचा ताट घेवन येवा. हयसर ज्येचा त्येचा ताट आसता."

घरी ते ऐकून पद्मजाबाईंनी कपाटातून लग्नातल्या ताटांपैकी एक काढलं. त्याच्या पाठीवर कोरलेलं होतं, 'सौ. पद्मजा'.

"बघा हं. माझं नाव दुसऱ्या बाईच्या फळीवर ठेवायला मीच देतेय."

"पाठीवर आहे नाव. जेवताना दिसणार नाही."

"म्हणजे विसरायची सोयच की," त्या म्हणाल्या, आणि वाकड्या बोटांनी ताट पदराला पुसून त्यांच्या बॅगेत, रिबिनींच्या शेजारी सारलं.

पुढले काही महिने नाबरांच्या पोटाने त्रास दिला नाही. ते आपल्या फेऱ्या मरोळभोवती फिरवू लागले. घाटकोपरचं काम असलं तरी बस पकडून साकीनाक्यावरून मरोळ गाठायचे. कधी दुपारी एकच्या भोंग्याला पोचत, कधी तीन वाजत, कधी चार. मुलुंडला किंवा बोरिवलीला अडकले तर येतच नसत. आपण उशिरा आलो तरी जानकीबाई झाकून ठेवलेलं गरम करून देते याचं त्यांना कौतुक होतं. पंचवीस वर्षं हॉटेलात जेवलेला माणूस. आपण गेलो नाही तर आपल्या खुर्चीवर दुसरा कोणी बसतो, एवढंच त्याला माहीत.

एकदा ते असेच टळटळीत दुपार उलटल्यावर आले. दारात शेजारची शकु तांदूळ निवडत होती. सुपातून मान वर न करता म्हणाली, "आले का टाइपरायटरवाले! चला, सुटली बाई. आता जेवेल."

नाबर बूट काढता काढता थांबले. "म्हणजे? त्या जेवल्या नाहीत अजून?"

"कशी जेवेल? तुमचं ताट कोरडं फळीवर."

"बाकीचे तर भोंग्याला जेवून जातात ना?"

"जातात ना. पण तुम्ही राहता ना. परळपासून तिची रीतच ती. शेवटचा जेवला की मग ही."

"आणि काल? काल तर मी आलोच नव्हतो."

"काल रात्री सहदेवभाऊ ड्यूटीवरून आले, त्यांच्यासोबत दोन घास खाल्ले. दिवसभर चहावर. तिला साखर आहे, ठाऊक आहे ना? परवा नळावर चक्कर येऊन पडली. हंडा एकीकडे, ही एकीकडे." आता शकुने मान वर केली. "तुम्हाला कुणी बोलणार नाही, सायेब म्हणून. मी बोलते. वाट लागलीय तिची."

आत जानकीबाईने स्टोव्हला पंप मारायला सुरुवात केली होती. मनगटाला खरचटल्याची खपली होती. नाबर जेवले, पण आज घास मोजून गिळल्यासारखे. किती दुपारी ही बाई भिंतीला टेकून बसली असेल, आणि आपण मुलुंडला ताकाचा दुसरा पेला मागत असू, याचा हिशेब मनात सुरू झाला आणि तो काही केल्या लागेना.

घरी त्यांनी पद्मजाबाईंना सांगितलं. त्या गरम पाण्यात हात बुडवून बसल्या होत्या.

"बाई कधी जेवते हे विचारायचं सुचलं नाही तुम्हाला?"

"नाही सुचलं."

"मला तरी कधी विचारलंत?"

नाबरांनी त्यांच्या हातांवर आणखी थोडं गरम पाणी ओतलं. मग पद्मजाबाईच म्हणाल्या, "ताट घेऊन या परत. आपलं पोट आपण बघू."

दुसऱ्या दिवशी नाबर भोंग्याआधीच गेले. जेवले, आपलं ताट विसळलं, फडक्याने पुसलं आणि बॅगेत घालू लागले. दत्ताराम आणि त्याच्या शेजारी बसलेला, परळपासून इथेच जेवणारा भीमराज, दोघांचेही हात ताटातच थांबले. जानकीबाई स्टोव्हपाशी बसली होती ती उठून उभी राहिली.

"काय चुकला माझा? मीठ जास्त पडला?"

"नाही हो, तसं नाही."

"मगे ताट कित्याक उचलतात? भांडान केल्याबिगर कोण ताट नेणा नाय." तिचा आवाज बारीक झाला. "संपात असेच सगळ्यांनी नेले. एकेक. भिंत उघडी पडली होती परळाक."

नाबर ताट हातात धरून उभे राहिले. या बाईच्या लेखी ताट म्हणजे काय, ते त्यांना आत्ता कळत होतं. ते नेलं तर तिच्या फळीवरचा एक माणूस जाणार, आणि ठेवलं तर ती उपाशी राहणार. त्यांचं स्वतःचं पोट कुठे गेलं या सगळ्यात, तेही त्यांना कळेना.

"तुम्ही माझ्यासाठी उपाशी राहता," ते म्हणाले. "मला माहीत नव्हतं."

"खाणारो उपाशी आसताना माझ्या घशाखाली घास उतरणा नाय. त्येका मी काय करू?"

"वयनी, साखर आसा तुका," दत्ताराम म्हणाला. "ऐक जरा."

"तू गप जेव रे."

तेव्हा भीमराज, जो एरवी भाताशिवाय कशावर बोलत नसे, तो म्हणाला, "वयनी, मे महिन्यात आमी गावाक जाव तेव्हा काय करी होतंस?"

"गावाक गेलेल्याचा ताट मी पालथा घालून ठेवी. त्येची वाट कित्याक बघू?"

"मग मी गावी गेलो असं समजा," नाबर चटकन म्हणाले. "भोंग्यापर्यंत आलो तर आलो. भोंगा झाला की माझं ताट पालथं करायचं आणि तुम्ही जेवायचं."

"तुमी काय रोज गावाक जातलात?"

"मुलुंड काय, बोरिवली काय, गावंच आहेत ती."

दत्ताराम फिसकन हसला. जानकीबाई हसली नाही. तिने नाबरांच्या हातातलं ताट घेतलं आणि फळीवर त्याच्या जागी टेकवलं. "बगया," एवढंच म्हणाली.

ती हे पाळते की नाही ते नाबरांना कळायला मार्ग नव्हता. शकुला विचारावं तर चाळभर बोभाटा व्हायचा. ते भोंग्याआधी पोचायची धडपड करत. जमलं तर तिथे जेवत, नाही जमलं तर जिथे असतील तिथे दहीभात. पोट अधूनमधून पुन्हा जळू लागलं होतं.

मग एका गुरुवारी मुलुंडच्या ऑफिसला कुलूप दिसलं. मालकाचे वडील वारले होते. दुसरं काम मरोळच्या बाजूचं. बस मिळाली नाही, जी मिळाली ती वाटेत बंद पडली. सकाळपासून पोटात चहाखेरीज काही नव्हतं, आणि छातीत निखारा पेटला होता. भोंगा होऊन कितीतरी वेळ झाला होता. तरी त्यांचे पाय चाळीकडे वळले. झाकलेलं काही ना काही असेलच, बाई नाही म्हणायची नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दार अर्धं उघडं होतं. शकु कुठे दिसली नाही. नाबरांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि त्यांची नजर फळीवर गेली. ओळीने ताटं उभी होती, आणि टोकाला त्यांचं ताट पालथं, तोंड भिंतीकडे करून टेकलेलं. पाठीवरचं 'सौ. पद्मजा' दारातूनही वाचता येत होतं.

त्याच्या खाली, दाराकडे पाठ करून, जानकीबाई जेवत होती. पुढ्यात पिठी-भात. एक घास घ्यायची, थांबायची, भिंतीकडे बघत चावायची. दिवसभराच्या कामातून मागून घेतलेली ही एवढीच बैठक असावी तिची. पाठीची हाडं पोलक्यातून वरखाली होत होती. पातेल्यात अजून भात होता. वास थेट दारापर्यंत येत होता.

एक हाक मारली असती तर ती भरल्या हाताने उठली असती. ताट सुलटं झालं असतं, स्टोव्ह पेटला असता, आणि तिचा भात तसाच राहिला असता.

नाबर आल्या पावली वळले. बॅगेतली हत्यारं वाजू नयेत म्हणून त्यांनी बॅग छातीशी धरली आणि चाळ संपेपर्यंत तशीच धरून चालले. मरोळ नाक्यावर त्यांनी दोन केळी घेतली, कपभर थंड दूध घेतलं, आणि दुकानाच्या सावलीत उभं राहून ते प्यायले. निखारा विझला नाही, पण राख धरल्यासारखा झाला. मग ते उरलेल्या कामाला गेले.

संध्याकाळी पद्मजाबाई खिडकीशी बसल्या होत्या.

"आज मरोळला गेला होतात?"

"गेलो होतो."

"काय होतं जेवायला?"

"पिठी-भात."

"कशी झाली होती पिठी?"

नाबर बूट काढत होते. नाडी सोडवायला त्यांनी फार वेळ घेतला. "चांगली झाली असावी," ते म्हणाले. "सावकाश जेवत होत्या."

पद्मजाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. भिंतीचा आधार घेत उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. डबा उघडल्याचा, तांदूळ भांड्यात पडल्याचा आवाज आला, मग नळाचा.

"लसूण तेवढा सोलून द्या," त्या आतून म्हणाल्या. "आणि आज दोघांची ताटं एकदमच घ्या."