देवाला आई म्हटलं म्हणून

रविवारी चर्चमध्ये पाळकांनी प्रभुभोजनाचं ताट माझ्या पुढ्यात आणलं आणि तसंच उचलून शेजारणीपुढे धरलं. द्राक्षरसाचा पेलाही पुढे गेला. महाडमधली आमची ख्रिस्ती मंडळी छोटी, सगळे सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसणारे. कोणाला दिसलं नाही असं झालंच नाही. माझे कान तापले. त्या ताटातली बिनखमिराची पोळी सकाळी मीच भाजली होती. माझ्या हातची चालली, मी चालले नाही.

गुन्हा एवढाच. आदल्या रविवारी प्रार्थनेत मी देवाला आई म्हटलं होतं.

माझ्या बहिणीची लेक आठ वर्षांची. बाप पिऊन पट्ट्यानं मारायचा, म्हणून पोलादपूरहून तिला मी माझ्याकडे आणलं. प्रार्थनेत ‘हे आमच्या बापा’ सुरू झालं की पोर माझ्या पदरात तोंड खुपसायची. एकदा तिनं विचारलं, “मावशे, त्यो वर पन बापच हाय काय गो?”

मला लाज वाटली. मग पवित्र शास्त्र, आमचं बायबल, चाळलं. आई लेकराला कुशीत घेते तसा मी तुम्हाला धीर देईन, असं देव तिथे स्वतःच सांगतो. इतकी वर्षं हे आम्हाला कोणी मोठ्यानं वाचून दाखवलं नव्हतं. त्या रविवारी प्रार्थना करायची माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, आई, हिला जवळ घे. पोर पहिल्यांदाच डोळे मिटून शांत बसली.

पाळक आजोबांपासूनचे ख्रिस्ती, पुण्यात शिकलेले. आम्ही काल ख्रिस्ती झालेले, डोंगरावरचे. ताट फिरवून झाल्यावर ते सगळ्यांदेखत म्हणाले, “ताई, तुमच्या लोकांच्या डोक्यातली देवी अजून गेलेली नाही. उभं राहून क्षमा मागा.”

आमच्यात ही रीतच. चुकलेल्यानं उभं राहायचं, मान खाली घालायची. मी याआधीही मागितली होती क्षमा, हिंदूच राहिलेल्या भावाकडे गणपतीचा मोदक खाल्ला म्हणून. मोदकासाठी! तेव्हा मुकाट्यानं मागितली.

मी उभी राहिले. पोरीनं माझं लुगडं मुठीत धरलं होतं.

“क्षमा मागणार नाय,” मी म्हणाले. “हिला मी एका बापाच्या तावडीतून सोडवून आणलीय. देवाच्या घरात पुन्हा भ्यायला लावणार नाय.”

मग पुढच्या रविवारी येऊ नका, पाळक म्हणाले.

मी येणार. बाप्तिस्मा माझाही झालाय. पोरीला घेऊन पहिल्या रांगेत बसणार आणि मोठ्यानं देवाला आई म्हणणार. ज्याला बाप म्हणायचं त्यानं खुशाल म्हणावं. मला गप्प करायचं असेल तर पाळकांनी सगळ्यांसमोर माझा हात धरून मला बाहेर काढावं. मी आपणहून उठणार नाही.