बोटभर उतार

"पान्याले काय कयते वहिनी? उतार भेटला का ते चाललं. म्याच त्याले घरात याचा रस्ता करून देल्ला, आता कोन्या तोंडानं त्याले रागवू?"

"पान्याचं राहू द्या, नजीरभाई. मले एवढं सांगा, मघाशी बकेट उचलताना हाताले मुंग्या आल्या त्या कायच्या?"

"मुंग्या नोयत त्या. करंट हाये. आंधी ते बकेट सोडा. सोडा म्हनतो ना! अन् पायात कोरड्या सपाता घाला."

अन्नपूर्णाबाईंनी बादली अशी सोडली की अर्धं पाणी फरशीवर सांडलं.

नजीर मिस्तरी खिडकीखाली उकिडवा बसला होता. हातात नेहमीचं हत्यार, होल्डरात अडकवलेला शंभराचा दिवा आणि त्याच्या दोन उघड्या वायरी. एक वायर त्यानं मशीनच्या पत्र्याला लावली, दुसरी मोरीतल्या नळाला. दिवा लालसर पेटला, विझत आलेल्या बिडीइतका. नजीरनं च् केलं आणि भिंतीवरचं बटन बंद केलं. खिडकीत बसवलेलं थंड हवेचं मशीन दोन गचके खाऊन थांबलं.

मशीनपासून दोन हातांवर लोखंडी खाट होती. खाटेवर भगवंतराव. नांदुऱ्याच्या कापूस बाजारात ज्यांच्या आवाजानं बैल बिचकायचे ते हे भगवंतराव दिवाळीपासून उजव्या अंगानं गेले होते. वाचाही गेली होती. उरलं होतं ते डोळे, कान आणि डावा हात. निजून निजून पाठीला जखमा पडल्या होत्या. अकोल्याचा डॉक्टर सांगून गेला होता, खोली थंड ठेवा, घाम येऊ देऊ नका, पाठ कोरडी राहिली तर माणूस राहील. एकाहत्तर सालचा ज्येष्ठ चालू होता. आभाळ रोज दाटून यायचं, थेंब द्यायचं नाही, आणि हवा उकळत्या भाताच्या झाकणाखाली असते तशी. अशा दिवसांत ते मशीन हवेतलं पाणी पिळून काढतं. त्या पाण्यानं कुठंतरी जायला पाहिजे.

कुठल्याही शहाण्या घरी ते बाहेर जातं. मशीन बसवताना बाहेरची बाजू बोटभर खाली ठेवायची, एवढं नजीर नागपूरच्या बर्फाच्या कारखान्यात पहिल्याच महिन्यात शिकला होता. तिथं तीन वर्षं काढून, बापाच्या दुखण्यासाठी तो नांदुऱ्याला परत आला आणि स्टेशनजवळ जळक्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान घालून बसला. मलकापूरपासून शेगावपर्यंत अशी अकरा मशीनं होती, जिनिंगवाल्याकडं, डॉक्टरच्या एक्स-रे काढायच्या खोलीत, लॉजवर. अकराही ठिकाणांहून नजीरलाच बोलावणं यायचं. त्याची बायको सरवरी म्हणायची, "एक बायको अन् अकरा सासुरवाड्या, असा मानूस म्या नाई पाह्यला."

त्या अकरांत उलटं बसवलेलं हे एकच. आतल्या बाजूला उतार, पुढं पत्र्याचा पन्हाळ आणि पन्हाळाखाली बादली. चार वर्षांमागं नजीर मशीन बसवत होता तेव्हा भगवंतराव मागं काठी टेकून उभे होते.

"मिस्तरी, तिकडं एक थेंब पडला नाई पाह्यजे."

"भाऊसाहेब, असं कोनी बसवत नाई. पानी आत येईन."

"येऊ दे. माह्या घरात माह्यं पानी. अर्जुन्याच्या आवारात पडलं तं तो मले दोन शब्द आयकवन. उतार आत दे."

नजीरनं दिला. कारण गिऱ्हाईक भगवंतराव होते, आणि भिंतीपलीकडं त्यांचा सख्खा धाकटा भाऊ अर्जुनराव होता. खोलीला बाहेरची अशी ती एकच भिंत.

भाऊ नुसता भिंतीपलीकडं असता तरी चाललं असतं. त्याच्या आवारात पिठाची चक्की होती, आणि चक्की व हे घर एकाच खांबावरून वीज ओढत; तीच लाइन पुढं नजीरच्या दुकानापर्यंत जायची. सकाळी दहाला चक्की सुरू झाली की घरातले दिवे कावीळ झाल्यासारखे पिवळे पडत. मशीनचा पंखा मंद व्हायचा, आतल्या नळ्यांवर बर्फ चढायचा. मग मशीन बंद पडलं की तो बर्फ वितळून एकदम खाली. पन्हाळ पुरायचा नाही. पाणी भिंतीवरून उतरून थेट वायरीच्या डब्यात. नजीरनं नळ्या पाहिल्या, जाळीत अडकलेले रुईचे तंतू झटकले, करंट जमिनीत मुरावा म्हणून सोडलेली तार ओढून पाहिली. गंजून हातात आली.

"मशीनचं काई बिघडलं नाई," तो म्हणाला. "बाहेर बोटभर उतार भेटला तं पानी जाईन, करंट जाईन. नाईतं आज म्या कोरडं केलं तरी चार दिसानं पुना हेच. एखाद्या दिवशी तुमी ओल्या हातानं त्याहीले कूस द्याले जासान, अन् खाट लोखंडाची हाये."

अन्नपूर्णाबाई खाटेकडं वळल्या. नवऱ्याच्या मानेखालचा घाम टिपत राहिल्या. पाच मिनिटं मशीन बंद होतं तर मान भिजली होती.

"मी अर्जुनरावायशी बोलून पाह्यतो," नजीर म्हणाला. "माह्यं काय, मी दोन्हीकडचा मिस्तरी."

चक्कीवर डब्यांची रांग लागली होती. अर्जुनरावांच्या भुवया, मिशा, कानावरचे केस सगळे पिठानं पांढरे. धुऊन काढले असते तरी निम्मे पांढरेच राहिले असते.

"काय मिस्तरी? आज धुरा-बांध ओलांडला?"

"बोटभर जागा मागाले आलो, भाऊसाहेब. मशीनले बाहेरून उतार द्याचा हाये. पानी तुमच्या आवारात पडन, तासाले तांब्या-दोन तांबे. ते नको असन तं भिंतीले पायप ठोकतो, अठरा फूट. पानी त्याहीच्याच परसात जाईन."

"भिंत त्याची. पन तिच्याबाहेरची हवा माही," अर्जुनराव म्हणाले. "हे मी नाई म्हनत, कोर्ट म्हनते. माह्या टिनाची वळचन त्याच्या आवारात गेली व्हती, हातभर. हातभर बे! त्यानं दावा टाकला. माह्या पोरीच्या हळदीच्या दिवशी बेलीफ आला, पाव्हन्यायसमोर टीन कापला. छन्नीचे ठोके आयकत पोरीले हळद लागली. नऊ वर्षं झाली. तवा कोनी बोटभर मागाले आलं नाई."

"पाठ सडून राह्यली त्याहीची."

अर्जुनरावांनी चक्कीच्या तोंडाखाली हात धरून पीठ चिमटीत घेतलं, गरम आहे का पाहिलं, टाकून दिलं.

"मले काय गोड लागून राह्यलं काय? एका ताटात जेवलो आमी. पन एक डाव त्यानं मागावं. मंग पायप काय, नदी सोड."

"मागाले तोंड कुठं राह्यलं? वाचा गेली."

"मान तं हालते ना? मी येतो. मीच इचारतो. नुसती मान हालवली तरी झालं."

असं म्हणून त्यांनी चक्कीचा पट्टा उतरवला. रांगेतल्या बाया कुरकुरल्या. "अवो, आमचं दयन!" कुणीतरी ओरडलं. अर्जुनरावांनी मागं पाहिलं नाही.

नऊ वर्षांनी ते त्या उंबऱ्यावर उभे राहिले. चपला बाहेर काढल्या. ओल्या फरशीवरून आत आले तशी मागं पिठाच्या पावलांची लापशी होत गेली. अन्नपूर्णाबाईंनी पदर सावरला, खुर्ची पुढं केली. ते बसले नाहीत.

"दादा," ते म्हणाले, आणि घसा खाकरला. "मिस्तरी म्हनते, पानी तिकडं सोडा लागते. सोडू देऊ काय माह्या आवारात? हाव म्हन. बोलू नको, मान हालव नुसती."

भगवंतरावांनी भावाकडं पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, पण तो डोळा दिवाळीपासून वाहतच होता, त्याचं काही धरायचं नाही. नजीरला वाटलं, आता हलते मान. तो पाइपाचं मोजमापही मनात करू लागला.

भगवंतरावांनी डाव्या हातानं खाटेची पट्टी धरली. दात आवळले. आणि ज्या माणसाला कूस द्यायला दोघं लागत, त्यानं एकट्यानं अंग ओढून तोंड भिंतीकडं केलं.

सदरा वर सरकला. पाठ उघडी पडली. अर्जुनरावांनी ती पाहिली. त्यांनी हात पुढं केला, खाटेच्या काठापर्यंत नेला आणि परत घेतला.

"पाह्यलं, वहिनी? पाह्यलं, मिस्तरी?" ते म्हणाले. "मी आलतो. कोनी इचारलं तं सांगा, मी आलतो म्हनून."

थोड्या वेळानं पलीकडं पट्टा चढल्याचा आवाज आला.

अन्नपूर्णाबाई खाली बसून पिठाची पावलं पुसत होत्या. पुसता पुसताच, मान वर न करता, दबक्या आवाजात म्हणाल्या, "उचला ते मशीन इकडून."

"अन् अर्जुनराव?"

"भाऊजीचे पाय धरीन मी. मले लाज नाई वाटत. उचला."

नजीरनं पिशवीतून सागाची पाचर काढली, मशीनच्या आतल्या कडेखाली घातली, हातोडीचे दोन ठोके दिले. मशीनमध्ये साचलेलं पाणी मागं सरकल्याचं ऐकू आलं. पन्हाळातून बादलीत पडणारी टपटप लांबली, मग थांबली. बाहेर, अर्जुनरावांच्या आवारात, पहिला थेंब कुठल्याशा रिकाम्या डब्यावर वाजला.

चक्कीच्या घरघरीतही तो थेंब भिंतीकडं तोंड केलेल्या माणसाला ऐकू आला.

ठण्.

भगवंतरावांचा डावा हात खाटेच्या पट्टीवर आपटला. बोटातली अंगठी लोखंडावर वाजली. ठण्. पुन्हा. अन्नपूर्णाबाईंनी हात धरला, तो त्यांनी हिसडून सोडवला. "अवो, तुमच्यासाठीच करून राह्यलो ना!" त्या म्हणाल्या. ठण्. ठण्. गेलेल्या अर्ध्या अंगाचा जोरही त्याच हातात आला होता. बोटाची साल निघाली, अंगठीखालून रक्त आलं, पाठीवरची एक जखमही फुटली. हात थांबेना.

"काढा, नजीरभाई," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "काढा ते पाचर."

नजीरनं काढली. मशीन आत झुकलं. पन्हाळातून पाणी आलं, बादलीत टप् वाजलं, आणखी एकदा वाजलं, आणि हात थांबला.

मग करण्यासारखं होतं तेवढं नजीरनं केलं. वायरीचा डबा दोन हात वर चढवला. परसात खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून जमिनीची तार नवी सोडली. बादलीखाली ट्रकच्या ट्यूबचा तुकडा अंथरला. दिवा पुन्हा पत्र्याला लावून पाहिला, पेटला नाही; करंट गेला होता.

"चक्की चालू असली का मशीन बंद ठेवाचं," तो म्हणाला. "दहा ते एक, अन् चार ते सात. बकेट अर्धी झाली का फेकाची, भरू द्याची नाई. भिंत ओली दिसली का बटनाले हात लावाचा नाई."

"म्हनजे उन्हाच्या तावात बंद."

"हाव."

"तवाच तं घाम येते त्याहीले."

नजीर पक्कड, पाने पिशवीत भरत राहिला.

"किती दिस चालन?" त्यांनी विचारलं.

त्या मशीनचं विचारत नव्हत्या, हे त्याला समजलं. "मशीन चालन वहिनी," तो म्हणाला. "मशीन मजबूत हाये."

पिशवी सायकलला अडकवून तो दुकानावर आला. जळगाव जामोदच्या मोतीरामची पंपाची मोटार सकाळपासून उघडी पडली होती, आणि मोतीराम संध्याकाळच्या एसटीनं न्यायला येणार होता. नजीरनं जळकी तार उपटून काढली, नवीन तारेचं रीळ मांडीशी घेतलं आणि वेढे मोजत भरायला बसला.

त्रेपन्नाव्या वेढ्याला डोक्यावरचा दिवा पिवळा पडला. चार वाजले होते. चक्की सुरू झाली होती. नजीरनं तार बोटाला तशीच ताणून धरली, अंधूक उजेडात डोळे बसेपर्यंत थांबला.

"त्रेपन्न," तो म्हणाला, आणि चोपन्नावा वेढा घातला.