दोरेवालीनं सुई खाली ठेवली

दोरेवालीला गल्लीत खऱ्या नावानं कोणी हाक मारत नाही. बावीस वर्षं दाताखाली दोरा धरून ती बायकांच्या भुवया कोरतेय, तेव्हा नाव चिकटलं ते चिकटलं. दुकान म्हणजे दोन खुर्च्या, एक लांब आरसा आणि कोपऱ्यात मेण तापवायचं भांडं. पण बोटं अशी तयार की गिऱ्हाईक बसलं की गाल चाचपून सांगणार, "तीन रात्री झोप नाही तुला. आणि तोंडाला साबण कुठला लावलास? कपड्याचा?" बायका चिडायच्या, हसायच्या आणि पुढच्या महिन्यात पुन्हा यायच्या.

मग समोरच्या फुटपाथवर काचेचं दुकान उघडलं. काचेवर हे एवढे लालबुंद ओठ रंगवलेले, आणि खाली लिहिलेलं, 'सुईनं अर्ध्या तासात भरून मिळतील'. जसा काही गॅसचा सिलिंडर! दोरेवालीच्या दोन जुन्या बायका तिकडे डोकावून आल्या. तिच्या नाकाला मिरची झोंबली. म्हणजे ती दुकानवाली कालची पोरगी सुई टोचणार आणि मी बावीस वर्षांची बाई दोराच ओढत बसणार?

आठवड्यात तिनं ओठात सुईनं औषध भरायला शिकवणारा वर्ग शोधला. हॉटेलचा हॉल, दोन दिवस, वर जेवण. शिकवणारा पांढरा कोट घालून आलेला. सगळे त्याला सर म्हणत होते. कोट काय, हॉटेलातला वेटरही घालतो. पण तेव्हा तिला हे सुचलं नाही. तीस बायकांना तीस संत्री वाटली. संत्र्यात सुई खुपसायची, हळूच दाबायचं, काढायची. दोरेवालीचं संत्रं सरांनी वर धरून सगळ्यांना दाखवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र हातात. 'सौंदर्य इंजेक्शन तज्ज्ञ.' खाली सरांची लांबलचक सही.

नवरा वायरमन. त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं.

"मी भिंतीत खिळा मारायच्या आधी आतून वायर कुठून गेलीय ते बघतो. तुला दाखवलं का आत काय असतं ते?"

"संत्र्यात काय असणार? रस!"

"आणि माणसात?"

"तुम्ही जेवा गपचूप," ती म्हणाली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना.

पहिलं गिऱ्हाईक घरचंच निघालं. मोठी नणंद. टपाल कचेरीत काउंटरवर सव्वीस वर्षं शिक्के मारलेली, तोंडानं वाघीण. पंधरा दिवसांनी कचेरीतल्या सगळ्यांचा एकत्र फोटो निघणार होता, आणि तिला म्हणे फोटोत आपले ओठ कधी दिसतच नाहीत.

"नुसती रेघ येते गं! तू शिकलीयस ना? मग भर."

"वन्सं, एकदा विचार करा."

"केलाय. तू नाही म्हणालीस तर समोर जाते."

हे बरोबर वर्मावर लागलं. सुट्टीच्या दिवशी दुकान अर्धं बंद ठेवून दोरेवालीनं वन्संना खुर्चीत आडवं केलं. ओठ पुसले, सुई तयार केली, आणि सवयीनं डाव्या हाताचं बोट ओठाच्या कोपऱ्याशी टेकवलं. मालिश करताना हजारदा टेकवलं असेल. बोटाखाली काहीतरी उडत होतं. ठक, ठक, ठक. रोजचंच होतं ते. पण आज दुसऱ्या हातात सुई होती.

हात हवेतच थांबला. तिनं सुई ट्रेमध्ये ठेवली आणि सरांना फोन लावला. हात तेलकट, म्हणून स्पीकरवर.

"सर, ओठाच्या कोपऱ्यात ठकठक होतं. ती कुठली शीर? कुठून कुठे जाते?"

"मॅडम, टेन्शन नका घेऊ. तेवढं टाळून टोचा."

"कुठून जाते तेच ठाऊक नाही, तर टाळू काय?"

"अहो, हजारात एखादीला त्रास होतो."

"ती एखादी कोण, हे आधी कळतं?"

"तसं नाही सांगता येत."

"आणि झालाच त्रास तर?"

"तर मला फोटो पाठवा. मी बघून अंगठा दाखवीन, किंवा काय ते सांगीन."

दोरेवालीनं फोन कापला. खुर्चीतून आवाज आला, "म्हणजे तुला येत नाही?"

बावीस वर्षांत 'येत नाही' हे तिच्या तोंडून कोणी काढून घेतलं नव्हतं.

"नाही येत, वन्सं."

"मग आधी सांगायचं!" नणंद ताडकन उठली, चपला पायात सरकवल्या, आणि निघाली थेट समोर. दोरेवाली तशीच ॲप्रनवर मागे धावली. आपलं दुकान गेलं खड्ड्यात. या बाईचा ओठ गेला तर तो दुसरा कुठून आणायचा?

काचेच्या दुकानात भिंतीवर सोनेरी किनार चमकत होती. तीच लांबलचक सही.

"तूपण संत्रीवाली?" दोरेवालीनं विचारलं.

समोरच्या पोरीनं आधी मान ताठ केली, मग सोडून दिली. "माझ्या वेळी लिंबं होती, ताई. स्वस्त पडतात म्हणाले." आणि हळूच म्हणाली, "मी अजून एकीलाही टोचलं नाही. रोज काहीतरी कारण सांगते. आज मशीन बिघडलंय."

नणंदेला हसू फुटलं, राग विसरून. मग ज्याला खरंच येतं त्यालाच विचारू म्हणून तिघी मिळून मागच्या रस्त्यावरच्या चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी कागदावर चेहरा काढला, त्यावर लाल पेनानं शिरा ओढल्या. औषध चुकून शिरेत गेलं तर ओठ पांढराफटक पडतो, कातडी मरते, कधी डोळासुद्धा जातो. ते विरघळवायचं औषध असतं, पण वेळ थोडा, आणि ओळखायला शिकलेली नजर लागते. "ही नजर यायला मला दहा वर्षं लागली," त्या म्हणाल्या, आणि नणंदेकडे वळल्या. "गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"एकच. रक्त पातळ करायची. हृदयवाल्या डॉक्टरांनी दिलेली."

दोरेवालीनं आणि समोरच्या पोरीनं एकमेकींकडे पाहिलं. दोन दिवसांच्या वर्गात हा प्रश्न विचारायला कोणी शिकवलंच नव्हतं.

"मग आज सुई नाही, टोचलं तर आत रक्त साचेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि गोळी मनानं बंद करायची नाही. आधी हृदयवाल्या डॉक्टरांना विचारून या."

बाहेर आल्यावर नणंद फुरंगटून म्हणाली, "तुला टोचता येत नाही, हे सगळ्या कचेरीत सांगणार आहे मी."

"सांगा की. मोठ्यानं सांगा."

फोटोच्या दिवशी सकाळी दोरेवालीनं पेन्सिलीनं तिच्या ओठांची कड रेखली, आत गडद रंग भरला. दहा मिनिटांचं काम, आणि ओठ दिसले. नणंदेनंही शब्द पाळला. पुढच्या सोमवारी टपाल कचेरीतल्या सात बायका दुकानात शिरल्या. खुर्च्या दोन, म्हणून पाचजणी पायरीवरच उभ्या राहिल्या. त्यातली जाडजूड शिक्केवाली दारातूनच ओरडली, "जिला येत नाही म्हणून सांगते, ती बाई कुठली?"

"मीच ती," दोरेवाली म्हणाली. "बसा. आधी सांगा, औषधं कुठली चालू आहेत?"

"अगं, भुवया करायच्यात फक्त!"

"विचारायचं म्हणजे विचारायचं," ती म्हणाली, आणि दोरा दातात धरला.