दोन नावांची पुकार
परवा मुलीसाठी जेली करताना पातेल्यातून जिलेटिनचा वास आला आणि मला सोलापुरातला पोहण्याचा तलाव आठवला. तालबद्ध जलतरणात, म्हणजे गाण्याच्या तालावर पाण्यात एकसारख्या कसरती करण्यात, मी आणि माझी वळसंग गावची मैत्रीण जोडीनं उतरायचो. राज्यात आम्ही पहिल्या आलो होतो आणि त्या सकाळी राष्ट्रीय संघाची निवड होती. पाण्यात केस सुटू नयेत म्हणून आम्ही एकमेकींच्या डोक्याला गरम जिलेटिन फासलं आणि शेवटच्या सरावाला उतरलो. ती कान दाबतच वर आली. "लई ठणकतंय गं," म्हणाली. तलावावरच्या डॉक्टरांनी तपासलं, कानाचा पडदा फाटला होता. तिचे वडील हात जोडून म्हणाले, "आजच्या दिवस उतरू द्या की, सायेब." डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. मग तिच्या कानात कापूस घालून, तिला न्हाणीत वाकवून बसवून मी गरम पाण्यानं तिचे कडक झालेले केस सोडवत बसले. तेवढ्यात लाऊडस्पीकरवर आमची दोघींची नावं पुकारली. ती उठायला लागली, तशी मी तिचे खांदे धरले. "तू तरी जा की," ती म्हणाली. "जोडीत एकटीला कोण उतरू देतंय?" मी म्हणाले. पुन्हा पुकारलं, आणि मग पुढच्या जोडीचं गाणं सुरू झालं. ते संपेपर्यंत मी तिच्या केसांवर गरम पाणी ओतत राहिले. पुढं एकेरीत मला पदकं मिळाली, ती मात्र परत पाण्यात उतरली नाही. अजूनही कुठल्या सत्कारात माझं नाव पुकारलं की मी लगेच उठत नाही. दुसरं नाव यायचं राहिलंय असं वाटतं.