माणशी एक ओळ

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं.

आमच्या व्हाइटफील्डच्या ऑफिसात माझ्या हाताखालचा एक पोरगा डेटाबेसमधून रिपोर्ट काढायचा. शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या राजाजीनगरचा, बेंगळुरूतल्या जुन्या मराठी घरातला. डब्यातलं सगळं एकत्र कालवून म्हणायचा, “अण्णा, एकात आलं की सरी.” सरी म्हणजे कानडीत ठीक. डेटाबेसला विचारायच्या स्वतःच्या क्वेरी तो आरतीसारख्या मोठ्यानं म्हणून दाखवी.

एकदा साहेबांना बदली मागणाऱ्यांचा रिपोर्ट हवा होता. डेटाबेसमध्ये प्रत्येक कारणाची वेगळी ओळ होती.

“माणशी एक ओळ करतो, कारणं कॉमा घालून जोडतो,” तो म्हणाला.

“पानावर मावणार नाही. एकच कारण ठेव,” मी म्हणालो.

“कुठलं?”

“कुठलंही.”

त्यानं कुरकुरत वर्णक्रमात शेवटी येणारं कारण ठेवलं. अर्ज त्याचाही होता: आईचं आजारपण, लांबचा प्रवास, आणि सांबारात कँटीनवाले गूळ घालत नाहीत.

“अण्णा, माझं नुसतं सांबार उरलं की हो.”

“साहेबांना बाकीचं मी तोंडी सांगतो.”

साहेब ती ओळ वाचून पोट धरून हसले. त्यांच्यासोबत मीही हसलो, आणि काहीच सांगितलं नाही. बदली नामंजूर झाली. कँटीनला मात्र गूळ घालायचा हुकूम गेला.

माझ्या निवृत्तीनंतर तो मेट्रो स्टेशनवर भेटला. अजून व्हाइटफील्डलाच जात होता.

“आई कशी आहे?” मी विचारलं.

“जे. पी. नगरला अक्काकडे ठेवलीय. मला रोज घरी पोचायला उशीर होतो ना.”

मी माफी मागायला तोंड उघडलं आणि म्हणालो, “तुझी गाडी आली बघ.”