रोलर ओढण्याचा व्यायाम

"शर्ट काढ."

पहिल्याच वर्षी खेळाच्या सरांनी मला अख्ख्या वर्गासमोर उघडा उभा केला. पाठीशेजारी दोरी सोडली, तिच्या टोकाला दगड लोंबत होता. दोरी सरळ. मी नाही. सिंदीच्या बाजारात लहानपणापासून कापसाची गाठोडी वाहिलेली पाठ ती.

"हे बघा. माणूस नाही, विळा आहे हा."

पोरं हसली. अशी हसली की छपरावरची कबुतरं उडाली ती थेट पवनारला, धाम नदीवर जाऊन बसली.

मला सैन्यभरतीत उभं राहायचं होतं. अपमान गिळला. विचारलं, "सर, सरळ होता येईल?"

"रोज व्यायाम कर. रोलर ओढ."

नव्वदच्या दशकातले दिवस. आमच्या कॉलेजात व्यायामातही जातपात होती. वर्ध्यातल्या दुकानदारांची पोरं बूट घालून हॉलमध्ये जात. तिथे बार, आसनं, भिंतभर आरसा. आम्हा खेड्यातल्यांना मैदानावरचा लोखंडी रोलर. दोघांनी दोरखंड खांद्यावर घ्यायचा आणि त्यांच्या क्रिकेटची पट्टी दाबायची. हजेरी व्यायामाच्या तासाची.

हत्तीचं कंबरडं मोडेल असा तो रोलर मी हौसेनं ओढला. वाटायचं, जितका ओढू तितके सरळ होऊ. जोडीला बोरगाव मेघेचा शेषराव. तो म्हणायचा, "बैलाले पोळ्याची तरी सुटी असते बे. आपल्याले तेवढीबी नाई."

वर्षभरात हॉलमधल्यांच्या माना ताठ झाल्या, छात्या फुगल्या. माझा उजवा खांदा उतरला. सकाळच्या उन्हात माझीच सावली दिसली की दचकायचो. हे कोणतं जनावर मागं लागलं?

एका सकाळी शेषराव मध्येच थांबला. "थांब बे. कंबरेत कायतरी तुटलं."

बसला तो उठेना. पाय लाकूड झालेले. त्याला खाटेवर घालून दवाखान्यात नेला.

दुसऱ्या दिवशी सर आले. शेषराव कसा आहे, विचारलं नाही. मोकळा दोरखंड पाहिला.

"त्याच्या जागी कोण?"

तेव्हा डोळे उघडले. हॉलमधल्यांचा घाम त्यांच्याच अंगी मुरत होता. आमचा त्यांच्या पट्टीत.

मी दोरखंड टाकला. "मी नाई ओढत."

"का रे?"

"मले हॉलमंदी कसरत करायची हाय."

सर एकदम हळू बोलले. ओरडले असते तर बरं होतं. "शेरा मी देणार आहे. वर्ष जाईल तुझं."

"जाऊ द्या."

हॉलकडे निघालो. मागून कोणी आलं नाही. पोहोचायच्या आत आतून कडी लागली. पोरं खिडकीतून बघत होती. यावेळी कोणी हसलं नाही.

वर्ष गेलं. भरतीही गेली. शेषराव अजून काठीवर चालतो.

पण त्या दिवसाच्या दुसऱ्याच सकाळी मी परत त्याच दारात होतो. कडी लागलेलीच. दार ठोकलं. उघडेपर्यंत ठोकणार होतो. नाहीच उघडलं, तर बिजागऱ्या उखडणार होतो.