हाताला विचारणारे गेनूभाऊ

गेनूभाऊ चाकू उघडताना डोळे मिटायचे. सदऱ्याच्या खिशातून घडीचा चाकू काढायचा, अंगठ्याच्या नखानं पातं वर उचलायचं, ते शेवटाला जाऊन 'टक्' असं बसलं की मग डोळे उघडायचे. देवाला हात जोडताना माणूस क्षणभर डोळे मिटतो ना, तसे. मी कारखान्यात नवा होतो तेव्हा मला ते विचित्र वाटायचं. एकदा न राहवून विचारलंच. ते म्हणाले, "पातं बसलं का न्हाई त्ये डोळ्याला कळत न्हाई पेंटर. डोळा लई फसतो. हाताला इचारावं."

आमचा टांग्यांचा कारखाना नगरात माळीवाड्याच्या वेशीबाहेर होता. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड आणि पुढं निंबाच्या झाडाखालचं आवार. मालक इनूसमिस्त्री स्वतः चाकं बनवायचे. मी टांगे रंगवायचो, दांड्यांवर पिवळ्या रेघा ओढायचो, म्हणून सगळे मला पेंटरच म्हणत. आणि गेनूभाऊ टांग्याच्या छताचे टप आणि गाद्या करायचे, म्हणजे चामडं, मेणकापड, काथ्या आणि सुतळी यांचं सगळं काम त्यांच्याकडे. मूळचे ते जामखेडकडच्या एका कोरड्या गावचे. बायको सरूवहिनी आणि एकुलती मुलगी शेवंता यांना घेऊन कारखान्यामागच्या गल्लीत एका खोलीत राहायचे. लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नव्हतं, त्यामुळे टांग्यांना बरकत होती आणि आम्हाला मान वर करायला सवड नव्हती.

त्या धांदलीत गेनूभाऊंच्या जुन्या चाकूचं पातं मुळातून मोडलं. दुसरा कुणी असता तर संध्याकाळी बाजारातून हाताला येईल तो चाकू घेऊन आला असता. गेनूभाऊंनी मला बरोबर घेतलं, खिशात चामड्याची एक पट्टी, सुतळीचा तुकडा आणि एक कच्चा पेरू घातला, आणि आम्ही कापडबाजाराजवळच्या एका बोहऱ्याच्या दुकानात गेलो. शेठनं काचेची पेटी पुढं ओढली. लष्करातून आलेला एक जाडजूड चाकू त्यानं कौतुकानं उघडून दाखवला. दोन पाती, एक करवत, एक टोच्या, बाटलीचं बूच काढायचा पीळ.

गेनूभाऊंनी तो हातावर तोलला. "शेठ, ह्यो चाकू हाय का मिस्त्रीची पेटी?"

"एकात सगळं मिळतंय, घ्या की."

"सगळं मिळतंय, पन खिशात घातला तर मांडीला ढुसन्या देतोय. मला ह्यो दिवसभर संगं वागवायचाय. ज्यो चाकू घरी ठिवावा वाटतो त्यो चाकूच न्हाई."

मग एकेक चाकू त्यांनी बघायला सुरुवात केली. शिंपल्याच्या मुठीचा सुंदर होता, पण ओल्या हातात निसटला. दुसऱ्याचं पातं उघडल्यावर किंचित हलत होतं. आम्हाला दिसेना, त्यांना लागलं. तिसऱ्याची स्प्रिंग इतकी कडक, की नखच मोडावं. प्रत्येक चाकूनं ते आधी चामडं चिरायचे, मग सुतळी, आणि शेवटी पेरूची साल काढायचे. पेरूच्या फोडी शेठच्या पोरांनी खाल्ल्या. शेठ आधी वैतागला, मग हसायला लागला, मग स्वतःच आतून आणखी एक पुडकं घेऊन आला. त्या दिवशी आम्ही तसेच परत आलो. पुढच्या आठवडी बाजाराला पुन्हा गेलो. त्या खेपेला काळ्या शिंगाच्या मुठीचा, एकाच पात्याचा, पोटाशी जरासा फुगीर असा एक साधा चाकू त्यांच्या हाती आला. त्यांनी डोळे मिटले, उघडला, मिटला, पुन्हा उघडला. चामड्यावरून पातं पाण्यासारखं गेलं.

"ह्योच," ते म्हणाले. "ह्यो हातात हाय असं वाटतच न्हाई बघ."

त्या चाकूनं ते दिवसभर काय काय करायचे! कामाचं तर होतंच. पण दुपारी भाकरीबरोबरचा कांदा त्यानंच चिरला जायचा, माझ्या पेन्सिलीला टोक व्हायचं, टांगेवाले घोड्याच्या खुरात अडकलेला खडा काढायला त्यांनाच हाक मारायचे. चाकू मागणाऱ्याला नाही म्हणत नसत, फक्त "मिटून दे बरं का" एवढं बजावत. आणि काट्यांसाठी तर आख्खी गल्ली त्यांच्याकडे यायची. एकदा लाकडाचं कुसळ माझ्या तळहातात खोल गेलं. तिथूनच हात ठणकायला लागला होता. गेनूभाऊंनी पात्याचं टोक काडीच्या जाळावर धरलं, माझा हात मांडीवर घेतला आणि सरूवहिनींनी काल केलेल्या शेंगोळ्यांची गोष्ट सांगू लागले. गोष्ट संपायच्या आत कुसळ त्यांच्या चिमटीत होतं. "निघालं होय?" मीच त्यांना विचारलं. असा त्यांचा हात.

पुढच्या थंडीतली गोष्ट. एका नव्या टांग्याच्या टपासाठी गेनूभाऊ पांढरं अस्तर कापत होते. मी शेजारीच दांडीवर रेघ ओढत होतो. सहज बघितलं तर अस्तरावर लाल ठिपके. आधी वाटलं माझाच रंग उडाला. पण ठिपके वाढत होते.

"गेनूभाऊ, रक्त!"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "कुनाचं?"

त्यांच्या डाव्या हाताची करंगळी चांगली चिरली होती. त्यांनी ती वर उचलून पाहिली, दुसऱ्याची असावी तशी. मग हसून म्हणाले, "थंडीनं बधिर झालीया." मीही हसलो. सरूवहिनींनी हळद बांधली. पण त्यानंतर आठवड्याभरात करंगळीच्या बेचक्यात धरलेली विडी विझेपर्यंत जळली आणि त्यांना वास आल्यावर समजलं. आता ते चाकू उघडताना डोळे उघडे ठेवू लागले. माझ्या ते लक्षात आलं.

एके दुपारी जेवणानंतर सगळे निंबाखाली आडवे झाले होते. गेनूभाऊंनी मला शेडच्या मागं बोलावलं. चाकू उघडून माझ्या हातात दिला आणि समोर बसून डावा हात पुढं केला.

"पेंटर, मी डोळे झाकतो. तू एकेका बोटाला टोक लाव. मी सांगतो कुठलं बोट."

मी टोक अंगठ्याला लावलं. "अंगठा," ते म्हणाले. त्याच्या शेजारचं बोट. "हां, ह्ये." मधलं बोट सांगायला जरा वेळ लागला. मग मी अनामिकेला टोक लावलं, आणि करंगळीला. ते डोळे मिटून वाट बघत राहिले.

"टोचव की."

मी टोक आणखी जरा दाबलं.

"टोचव की रं, घाबरतो कशापायी?"

"टोचलं, गेनूभाऊ."

त्यांनी डोळे उघडले. करंगळीवर रक्ताचा बारीक थेंब उभा होता. तो त्यांनी धोतराला पुसला, चाकू माझ्या हातातून घेतला आणि मिटला. बाही वर सारून कोपराजवळचा एक चट्टा दाखवला. फिकट, पैशाएवढा. म्हणाले, "आमच्या गावात एकाला हुतं ह्ये. त्याला गावाभाईर खोपी बांधून दिल्ती. भाकरी लांबून टाकायचे. मी ल्हान हुतो, मी बी टाकलीया."

दवाखान्यात मीच त्यांच्याबरोबर गेलो. डॉक्टर चांगले होते. त्यांनी पिसानं, सुईनं, गरम-गार पाण्याच्या नळ्यांनी तपासलं आणि आवाज न चढवता सांगितलं, की महारोग आहे. कडू कवठीच्या तेलाच्या सुया मिळतात, पण वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात, आणि त्यासाठी दूरच्या इस्पितळात जाऊन राहावं लागेल. दुसऱ्या दिवशी, शेवंताला कारण न सांगता, बायको-मुलीलाही तिथं नेऊन तपासून घेतलं. दोघी निर्मळ निघाल्या. ते ऐकून गेनूभाऊ पायरीवर खाली बसले आणि तेवढ्यापुरते रडले. स्वतःचं ऐकताना डोळ्यांत पाणी नव्हतं.

त्या रात्री खोलीत काय बोलणं झालं ते मला सरूवहिनींनी पुढं सांगितलं. त्या म्हणत होत्या, मी संगं येते. गेनूभाऊंनी एवढंच विचारलं, "आन् शेवंता?" शेवंता तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेल. बाप महारोगी असल्याचं कळलं असतं तर तिच्या हातचं पाणी कुणी प्यायलं नसतं, मग लग्न तर दूरच. गेनूभाऊंनी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, "मी पळून गेलो म्हनायचं. मुंबईला कुनी बाई ठिवली म्हनायचं. मला शिव्या घाला, चालंल. पन पोरीच्या घरात रोग हाय, असं नगं."

"तुमच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही असल्या बाबतीत," मी म्हणालो.

"ठिवतील. मी ठिवायला लावतो."

आणि ज्या माणसाचा आवाज मी कधी शेडच्या बाहेर ऐकला नव्हता, तो गेनूभाऊ दोन दिवसांनी भर गल्लीत बायकोवर ओरडला. तांब्या फेकला. घरात जीव रमत नाही, तोंड बघवत नाही, असलं काहीबाही बोलला. शेजारणी दारात येऊन उभ्या राहिल्या. सरूवहिनींनी पदर तोंडात कोंबला होता. त्यांचं रडणं मात्र खरं होतं, त्यामुळे सगळंच खरं वाटलं. शेवंता दाराच्या चौकटीला धरून बापाकडे बघत होती. गेनूभाऊंनी तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्यांना पुढं ओरडता आलं नसतं.

स्टेशनवर मी एकटाच होतो. गाडी सुटताना त्यांनी चाकू माझ्या हातात ठेवला. मी घेईना. "घे," ते म्हणाले, "कापल्यालं ज्याला कळत न्हाई त्याच्या खिशात ह्यो नसावा." इनूसमिस्त्रींना मी खरं सांगितलं होतं. ऐकताच ते हातातलं काम टाकून उठले आणि दिवसभर चाकाला हात लावला नाही. पण लोकांसमोर गेनूचं नाव निघालं की तेही थुंकायचे, ठरल्याप्रमाणे. सरूवहिनींनी गाद्यांचं शिवणकाम धरलं. शेवंता मोठी झाली ती बापाचं नाव न घेता. खरं तिला फार वर्षांनी, तिची मुलं शाळेत जायला लागल्यावर, आईनंच सांगितलं. आणि आज हे मी लिहितो आहे ते शेवंतानं लिहा म्हटल्यावरून.

मी अधूनमधून इस्पितळात जाऊन यायचो. गेनूभाऊंची बोटं आत वळली होती. तरी तिथल्या सुतारशाळेत ते बसायचे. एकदा गेलो तर समोर चार चाकू मांडून ठेवले होते. इस्पितळाच्या साहेबांनी रोग्यांसाठी कुठला घ्यावा म्हणून यांनाच विचारलं होतं. गेनूभाऊंनी सगळ्यांत जाड मुठीचा निवडला, त्यावर कापडाच्या चिंध्या गुंडाळल्या, पात्याच्या मुळाशी लाकडाची आडवी पट्टी बसवली, म्हणजे बोट घसरून पुढं जाणार नाही. दिसायला तो चाकू ओबडधोबड झाला होता. "आता हाताला इचारून भागत न्हाई," ते म्हणाले, "डोळ्यांनी राखावं लागतं. ज्याला हात न्हाई ऱ्हायला त्याचा चाकू येगळा." आजूबाजूला त्यांच्यासारखीच माणसं बसून सावकाश, नजर न हलवता, लाकूड तासत होती.

देश स्वतंत्र झाल्यानंतरच्या वैशाखात शेवंताचं लग्न झालं. राहुरीकडचं चांगलं घर मिळालं. मी लगेच इस्पितळात गेलो. गेनूभाऊंनी मला निंबोणीच्या सावलीत बसवलं आणि एकेक गोष्ट विचारून घेतली. मांडव कुठं घातला, मुलगा उंच आहे का, शालू कुठल्या रंगाचा होता, सरूनं काय नेसलं होतं. मी सगळं सांगत गेलो. मग त्यांनी विचारलं, "माझं नाव निगालं का?"

खोटं बोलायचं मनात आलं. पण त्यांच्यासमोर जमेना. "नाही, गेनूभाऊ. मामानं कन्यादान केलं. कुणी नाव काढलं नाही."

त्यांनी वळलेल्या बोटांनी धोतराची घडी सारखी केली. "बरं झालं," ते म्हणाले. मग पुन्हा विचारलं, "हिरवा म्हनलास न्हवं शालू?"

दीड-दोन वर्षांनी तिथून बरा होऊन सुटलेला एक माणूस कारखान्यात मला शोधत आला. गेनूभाऊ तापानं गेले होते. नव्या गोळ्या निघाल्यात, त्या येणार आहेत, असं डॉक्टर तेव्हा सांगत होते. दहनही तिथंच झालं होतं.

मी सरूवहिनींच्या खोलीवर गेलो. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी सांगितलं. त्यांचा हात सुपात थांबला. "कवा?" एवढंच विचारलं. मग उठून आत गेल्या आणि पडदा ओढून घेतला. बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या, चहाचा पेला माझ्यापुढं ठेवला. मी मान वर करून पाहिलं, आणि माझ्या चेहऱ्यावर जे उमटलं ते त्यांनी ओळखलं. त्यांच्या कपाळावर कुंकू तसंच होतं. नुकतंच नीट करून लावलेलं.

"पेंटरभावजी," त्या म्हणाल्या, "शेवंता परवा येनार हाय. सासू हाय संगं. कुकू पुसलं तर सासू इचारंल, कुनी सांगितलं, कुठं मेला, कशानं मेला. मग?"

मी चहा प्यायलो आणि निघालो.

त्यानंतर कितीतरी वर्षं संक्रांतीला, चैत्रात गल्लीतल्या बायका सरूवहिनींना हळदीकुंकवाला बोलवत राहिल्या. नवरा टाकून गेला तरी बिचारी सवाष्ण आहे, असं म्हणत त्यांची ओटी भरायच्या. आणि त्या मान खाली घालून पदर पुढं करायच्या.